हाडं पण बेरोजगार

ज्या जागी बोलायला बंदी असते, तिथेच किस्से सगळ्यात जास्त साठतात. वर्ध्यात माझी एक अभ्यासिका आहे. म्हणजे एक मोठा हॉल, टेबलं, खुर्च्या, ट्यूबलाइट आणि भिंतीवर 'कृपया शांतता राखा'. स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी सकाळी येतात आणि अंधार पडला की जातात. दिवसभर तोंड बंद! मग पाण्याच्या फिल्टरपाशी दोघं भेटले की दोन मिनिटांत पंधरा दिवसांचं बोलून घेतात. फिल्टरच्या शेजारीच माझं टेबल आहे, त्यामुळे सगळं माझ्या कानात जमा होतं.

मित्र म्हणतात, "भाऊ, तुमचे किस्से लई भारी असतात बाप्पा!" असतील. सांगताना मीही हसतो. पण सगळे ओळीने सांगून झाले की मला काही बरं वाटत नाही. तुम्हीच ऐका आणि ठरवा.

* * *

आमच्या हॉलला पूर्वेकडून चार मोठ्या खिडक्या आहेत. बांधताना मला त्यांचा मोठा अभिमान होता. पण पोरांची तक्रार सुरू झाली. ऊन येतं, पुस्तकावर चमकतं, बाहेर लक्ष जातं. एका रविवारी पोरांनी घरून खळ करून आणली आणि सगळ्या काचांना पेपर चिकटवून टाकले. तेही साधे नाहीत, चालू घडामोडींचे! आता खिडकीकडे पाहिलं की उजेडाऐवजी मंत्रिमंडळाचा विस्तार दिसतो.

वडनेरहून आलेली वैशाली त्याच खिडकीजवळ बसायची. फौजदारकीची तयारी करत होती. मुलाखतीत जीभ घसरू नये म्हणून ती अभ्यासिकेत पाय ठेवला की शुद्ध पुस्तकी मराठी बोलायची. आम्हा सगळ्यांना त्याची गंमत वाटायची. वर्षभर बसल्यावर एक दिवस फिल्टरपाशी तिने मला विचारलं, "भाऊ, या खिडकीच्या मागून ओरडण्याचे आवाज येतात. तिथे शाळा आहे का?"

"मैदान आहे," मी म्हणालो.

"किती अंतरावर?"

"खिडकी उघडली की सुरू!"

तिने वळून त्या चिकटवलेल्या पेपराकडे पाहिलं. मग बाटली भरता भरता म्हणाली, "बंद आहे ते बरं आहे. उगाच लक्ष गेलं असतं."

* * *

आमच्याकडे एक अलिखित नियम आहे. मी केलेला नाही, पोरांचाच आहे. जो जास्त वेळा उठतो तो सिरियस नाही! त्यामुळे काही जण पाणीच पीत नाहीत. पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठलं की बाकीचे घड्याळाकडे पाहतात.

या बसण्याचे बादशाह म्हणजे आमचे प्रमोददादा. कारंजा घाडग्याचे. हायवेवर भावाचा धाबा आहे, पण दादांनी कधी तिथे एक टेबल पुसलं नाही, कारण दादा अभ्यास करतात. तेहतीस वर्षांचे झालेत, दहा वर्षांपासून अभ्यासच करतात. नवी पोरं त्यांच्या पाया पडून पेपरला जातात. एकदा बसले की दुपारच्या डब्यालाच उठणार.

एका दुपारी ते असेच डब्यासाठी उठले. पायाला मुंग्या आलेल्या, पाय कळलाच नाही, तोल गेला आणि डाव्या हातावर पडले. मनगट मोडलं! मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. तिथले डॉक्टर एक्स-रे बघत होते.

"कुठून पडले?"

"खुर्चीवरून," दादा म्हणाले.

"खुर्ची कशावर ठेवली होती? टेबलावर?"

"नाई जी. फरशीवर."

"मग वर चढून पंखा पुसत होते का?"

"नाई जी. उठून राह्यलो होतो."

डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा उजेडात धरला, पुन्हा दादांकडे पाहिलं आणि सिस्टरला हाक मारली, "सिस्टर, हे फोटो याच पेशंटचे आहेत ना? त्या आजींचे तर नाही आले?"

दादा दुसऱ्या दिवशी प्लास्टर घालून हजर! म्हणाले, "लिहायचा हात वाचला भाऊ, मोठी कृपा झाली." आणि बसले.

* * *

दादांचा किस्सा त्या दवाखान्यात चांगलाच गाजला असावा. कारण महिन्याभरात तिथल्या फिजिओथेरपीच्या दीप्ती मॅडम स्वतःहून आमच्याकडे आल्या. नागपूरच्या, तरुण, बोलायला चटपटीत. सोबत दोन यंत्रं. एका यंत्रात टाच घालून बसायचं, ते हाड किती भरीव आहे ते सांगतं. दुसरं हातात धरून दाबायचं. जोर असेल तसा काटा पुढे सरकतो आणि थांबला तिथे थांबून राहतो.

पोरांनी लगेच रांग लावली. परीक्षा म्हटलं की आमची पोरं कुठलीही देतात. निकाल मात्र नेहमीसारखाच लागला. एकेकाची टाच बघून मॅडमचा चेहरा उतरत गेला. काट्याचं तर विचारूच नका, अर्ध्यापर्यंतही जाईना.

मग मॅडमनी सगळ्यांना समजावून सांगितलं. म्हणाल्या, "हाड म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत असतं. तुम्ही धावता, उड्या मारता, वजन उचलता, तेव्हा स्नायू हाडाला ओढतात. ही ओढ बसली की हाड स्वतःला जाड करतं. ओढ बसलीच नाही, तर हाडाला वाटतं, इथे आपलं काही काम नाही. मग ते झिजायला लागतं. आणि ही भर घालायचं वय तुमचंच आहे. तिशीपर्यंत जेवढं जमेल तेवढं जमवायचं, पुढे त्याच्यावरच काढायचं."

हॉल एकदम शांत. आमच्याकडे जिच्या नावाची पाटी आहे ती खरी शांतता मी त्या दिवशी ऐकली. मग मागून प्रमोददादांचा आवाज आला, "म्हणजे हाडं पण बेरोजगार!"

सगळा हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"मॅडम, मी तं तेहतीसचा हाव," दादा म्हणाले. "माहं वय गेलं म्हणायचं."

"नाही हो. व्यायाम कधीही सुरू करता येतो. फक्त हळूहळू करायचा, एकदम नाही."

"वा! कुठं तरी वयाची अट नाई!"

* * *

त्या दिवशी एकाच पोराचा काटा सरसर पुढे गेला. निलेशचा. सेलूकडच्या एका खेड्यातला, घरी म्हशी. पहाटे दुधाच्या कॅना गाडीवर चढवायच्या, गावोगाव उतरवायच्या आणि मग दुपारी अभ्यासिकेत यायचं. अर्धाच दिवस बसतो म्हणून बाकीचे त्याला सिरियस समजत नव्हते.

मॅडमनी कौतुकाने विचारलं, "कुठल्या जिमला जातोस?"

"जिम कायची मॅडम! कॅना उचलतो."

दोन दिवस पोरं त्याच्या दंडाला हात लावून पाहत होती. एक जण तर प्रोटीनचा ब्रँड विचारत होता! मला वाटलं, चला, आता तरी यांना काही कळेल.

ही बातमी निलेशच्या घरी पोचली. मुलाला सगळ्यांसमोर कॅना उचलतो असं म्हणावं लागलं, हे त्याच्या वडिलांना फार लागलं. त्यांनी आठवड्यातच गड्याची सोय केली. निलेश आता सकाळीच येतो. दिवसभर बसतो. सिरियस झाला. परवा फिल्टरवर पाण्याचा जार चढवायला मी त्याला हाक मारली, तर म्हणाला, "भाऊ, कंबर धरली हो. दुसऱ्या कोनाले सांगा."

* * *

वैशाली फौजदारकीची लेखी पास झाली! आमच्या अभ्यासिकेतून कितीतरी वर्षांनी कोणी एवढ्या जवळ गेलं होतं. आता मैदानी राहिली होती, म्हणजे धावणं, गोळाफेक, लांब उडी. त्यानंतर मुलाखत. आणि वय बसत होतं असं हे तिचं शेवटचंच वर्ष. पुढच्या वर्षी फॉर्मच भरता येणार नव्हता.

आम्ही पेढे घेऊन वडनेरला गेलो. मी, प्रमोददादा आणि निलेश. वैशालीची आई शेतमजुरीला जाते. वडील पोर लहान असतानाच वारले. बाईचे हात पाहिले की कळतं, घर कशावर उभं आहे ते. आम्हाला पाहून ती इतकी हरखली की कुठे बसवू आणि काय देऊ असं तिला झालं.

नळ गल्लीच्या टोकाला होता. आमच्या चहासाठी पाणी हवं म्हणून वैशालीने दारात भरून ठेवलेला गुंड, म्हणजे पाण्याची घागर, उचलायला हात घातला. माय स्वयंपाकघरातून धावतच आली.

"ठेव! ठेव तो! परीक्षा हाय तुही!"

तिने तो गुंड कमरेवर घेतला, दुसरा डोक्यावर ठेवला आणि चालता चालता आम्हाला सांगू लागली, "दहावीपासून माह्या पोरीनं गुंड नाई उचलला भाऊ. झाडू नाई, सारवन नाई, वावरात तं पायच नाई ठेवू देला. लोकं म्हनत, काऊन वं, पोरीले राजकन्या करून राह्यली? म्या म्हनलं, हव! माही पोरगी अभ्यास करून राह्यली."

प्रमोददादांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेढ्याचा बॉक्स उघडला. आयुष्यभर स्वतःच्या अंगावर घेतलेलं ओझं ती बाई आम्हाला दाखवत होती.

* * *

मैदानीला थोडेच आठवडे उरले होते. खिडकीमागच्या मैदानावर वैशाली पहिल्यांदा गेली तेव्हा अख्खी अभ्यासिका कोच झाली. ज्यांनी शाळा सोडल्यापासून पळून बसही पकडली नव्हती, ते तिला पाऊल कसं टाकावं ते शिकवत होते! कोणी गूळ-चणे आणले, कोणी कच्ची अंडी प्यायला सांगितली. प्रमोददादांच्या डाव्या हाताला अजून पट्टा आणि दुसऱ्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच.

पहिल्या दिवशी तिने लोखंडी गोळा खांद्याशी धरला, डोळे मिटले आणि जोर लावून फेकला. दादा लांबवर टेप घेऊन उभे होते. ओरडले, "गोळा कुठं गेला?"

"इथेच आहे दादा," वैशाली म्हणाली. "माझ्या पायापाशी."

आम्ही फार हसलो. तीही हसली. दीप्ती मॅडमनी तिला नीट आखून दिलं होतं. आधी चालायचं, मग थोडं पळायचं, मध्ये विश्रांती, मांड्या-पोटऱ्यांची ताकद आधी वाढवायची. एकदम पळायचं नाही. पण आमच्या पोरांना अभ्यासाचा एकच प्रकार माहीत आहे. राहिलेला पोर्शन शेवटच्या महिन्यात रात्रंदिवस एक करून काढायचा! वैशालीने शरीराचंही तेच केलं. पंधरा वर्षांचं राहिलेलं पळणं ती त्या आठवड्यांत पळत होती. सकाळी मैदान, संध्याकाळी पुन्हा मैदान, विश्रांतीच्या दिवशी डबल मैदान.

मग हॉलमध्ये बामचा वास येऊ लागला. रोज. खिडक्या बंद, त्यामुळे वास जाईना. ती ट्रॅकपँटच्या आत नडगीला पट्टी गुंडाळून बसायची. सगळ्यांना वास येत होता, मलाही येत होता. पण अभ्यासिकेत बोलायला बंदी आहे ना!

* * *

आमच्याकडे सात नंबरची एक खुर्ची आहे. तिच्यावर बसलेला एक जण तलाठी झाला, एक जण ग्रामसेवक. तेव्हापासून ती लकी. लेखी पास झाल्यावर पोरांनी एकमताने ती वैशालीला दिली. त्यासाठी आधीच्या पोराने आपली उशीसकट जागा सोडली. आमच्यात यापेक्षा मोठा त्याग नाही.

मैदानीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी ती नेहमीसारखी पळून आली. जरा हळू चालत होती, भिंतीला हात लावत. सात नंबरवर बसली आणि पुस्तक उघडलं. डबा खाल्ला नाही. पाणी प्यायलाही उठली नाही. शेजारचा पोरगा मला कौतुकाने म्हणाला, "भाऊ, पाह्यलं का? एकदाही उठली नाई! याले म्हनतात सिरियस!"

संध्याकाळी मी ट्यूबलाइट बंद करत करत तिच्यापर्यंत आलो. हॉल रिकामा झाला होता. पुस्तकाचं पान सकाळचंच होतं.

"चला वैशालीताई. बंद करायचं आहे."

तिने वर पाहिलं. तिचा पुस्तकी आवाज कुठेच नव्हता. "भाऊ," ती म्हणाली, "मले उठता नाई येऊन राह्यलं."

नडगीचं हाड. आधी बारीक तडा गेला होता, त्याच्यावरच ती पळत राहिली, आणि त्या सकाळी ते पुरतं गेलं. दवाखान्यात दीप्ती मॅडम मला बाहेर नेऊन म्हणाल्या, "स्नायू थकले की धक्का सरळ हाडावर बसतो. तिचे स्नायू तयारच नव्हते हो. तिला अजून सहा महिने मिळाले असते ना..."

मैदानीचा दिवस प्लास्टरमध्ये गेला. सात नंबरची खुर्ची दुसऱ्या दिवशीच एका नव्या पोराने धरली.

* * *

आता हा शेवटचा. हा मी फारसा कोणाला सांगत नाही.

प्लास्टर काढायच्या आधी एकदा वैशालीला तपासणीला बोलावलं होतं. तिची माय वडनेरहून तिला घेऊन आली. मीही गेलो. एक्स-रे झाला, डॉक्टर म्हणाले हाड जुळतंय, वेळ लागेल. मग आम्ही दुसऱ्या मजल्यावर दीप्ती मॅडमकडे गेलो. मॅडमनी हाताच्या जोराची नोंद घ्यायची म्हणून ते काट्याचं यंत्र वैशालीच्या हातात दिलं. तिने ओठ दाबून जोर लावला. काटा थोडा हलला आणि अर्ध्याच्या खूपच अलीकडे थांबला.

माय इतका वेळ पदर मुठीत धरून बसली होती. तिने विचारलं, "मॅडम, एक विचारू का जी? इतकं कच्चं कसं राह्यलं हाड तिचं? म्या कुठं कमी नाई पडू देलं. दूध देलं, अंडे देले. मी नाई खाल्ले, तिले देले. कामाले तं हातच नाई लावू देला."

विषय बदलावा म्हणून मॅडम हसून म्हणाल्या, "मावशी, तुम्ही दाबून पाहता का हे?"

मायने यंत्र घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि सहज, भेंडी तोडावी तसं दाबलं. काटा अर्धा ओलांडून कुठल्या कुठे गेला!

"अरे बाप रे, मावशी!" मॅडम म्हणाल्या. "तो कॅना उचलणारा सोडला तर अख्ख्या अभ्यासिकेत कोणाचा एवढा आला नाही! अशी ताकद येते कुठून?"

"कायची ताकद जी! पानी भरतो, वावरात निंदाले जातो, कापसाचे गाठोडे उचलतो. तेच..."

बोलता बोलता ती थांबली. काटा जिथे थांबला होता तिथे तिने पाहिलं. मग पोरीकडे पाहिलं. वैशाली खाली मान घालून प्लास्टरवरचा धागा ओढत होती.

मग माय म्हणाली, "मॅडम, हे बरोबर नाई झालं. अजून एकडाव द्या."

मॅडमनी काटा मागे घेऊन दिला. मायने या वेळी दोन्ही पाय रोवले, डोळे घट्ट मिटले, चेहरा वाकडा केला, चांगलं कण्हली सुद्धा. काटा हलला आणि वैशालीच्या खुणेच्या एक घर अलीकडे थांबला.

"पाहा," माय म्हणाली. "नाई राह्यला आता जोर. पयल्यांदा मशीनच बिघडली असन."

मॅडमनी यंत्राकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. म्हणाल्या, "हो मावशी. जुनं झालंय ते."

आम्ही बाहेर आलो तर लिफ्ट बंद पडलेली. व्हीलचेअर खाली राहिली होती. वैशालीला कुबड्यांवर जिना उतरायची धास्ती वाटत होती. मी म्हणालो, "थांबा, कोणाला तरी बोलावतो." तोपर्यंत माय पहिल्या पायरीवर पाठमोरी उकिडवी बसली होती.

"चाल, बस पाठकुळी."

"माय! लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे."

"आत्ताच तं म्हनली, जोर नाई राह्यला म्हनून!"

"बस गुमान."

वैशाली बसली. मी कुबड्या घेऊन मागून उतरत होतो. मधल्या वळणावर माय क्षणभर थांबली.

"पाय बरा झाला का नळावरचं पानी तूच आनजो," ती म्हणाली. "दोन्ही गुंड."

"काऊन?"

"माह्यानं नाई होत आता," माय म्हणाली, पोरीला जरा वर सरकवून पाठीवर नीट घेतलं, आणि पुढचा जिना उतरू लागली.